वांशिक पक्षांवर बंदी घालून देश जोडला जातो का?

प्रश्न: ज्या देशात वांशिक गट एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत तिथं राज्यघटनेनंच एकेका गटाच्या पक्षांवर बंदी घातली तर काय बिघडलं?

उत्तर: नायजेरियानं साधारण तेच केलंय. १९९९ च्या राज्यघटनेनुसार पक्षाच्या नावाला किंवा चिन्हाला वांशिक वा धार्मिक रंग चालत नाही, मुख्यालय राजधानी अबुजातच पाहिजे, कार्यकारिणीत किमान दोन तृतीयांश राज्यांमधली माणसं लागतात. कागदावर झकास! पण स्थानिक पुढारी मतं आपल्याच लोकांची मागतो, फक्त बोर्ड राष्ट्रीय असतो. मला तिथला दुसरा नियम जास्त कामाचा वाटतो, राष्ट्राध्यक्ष व्हायचं तर नुसती जास्त मतं पुरत नाहीत, दोन तृतीयांश राज्यांत प्रत्येकी किमान २५ टक्के मतं लागतात, म्हणजे परक्या भागात हात जोडत जावंच लागतं ना.

बोस्नियात उलट. तिथलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानं अध्यक्षमंडळच वाटून टाकलं, एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातला मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. मग पक्षांनी दुसऱ्यांकडं मतं मागायचीच कशाला? आणि रोमा (तिथला एक अल्पसंख्याक समाज) किंवा ज्यू माणूस तर या पदासाठी उभाच राहू शकत नाही, हा भेदभाव आहे असं युरोपियन मानवी हक्क न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलं. तेव्हा बंदीपेक्षा मतं कुठून आणावी लागतात ते आधी बघा.