पुळियोदरै पहिल्यांदा करताय? एवढंच सांभाळा

पुळियोदरै म्हणजे तमिळ पद्धतीचा चिंचेचा भात. तो करून बघितला आणि भात चिकट झाला, चिंच कच्ची लागली असं झालं असेल, तर मसाल्यात काही बिघडलेलं नाही, घाई झालीय फक्त. माझंही पहिल्या दोन वेळा हेच झालेलं.

खरा जीव पुळिकाच्चलमध्ये, म्हणजे चिंचेच्या घट्ट मसाल्यात. लिंबाएवढी चिंच गरम पाण्यात भिजवून कोळ काढा, तिळाच्या तेलात मोहरी, हरभरा डाळ, सुक्या मिरच्या, कढीपत्ता, हिंगाची फोडणी, मग कोळ, हळद, मीठ घालून बारीक गॅसवर ठेवा. आधी नुसतं पाणी उकळतं, मग बुडबुडे जड होतात, फटफट उडायला लागतात आणि शेवटी कडेने तेल सुटतं. तिथपर्यंत थांबायचंच, २०-२५ मिनिटं गेली तरी चालतील. सगळे त्याआधीच गॅस बंद करतात!

बाकी चुका नेहमीच्याच:
- गरम भातात कालवणं. परातीत पसरा, चमचाभर कच्चं तिळाचं तेल सोडा, गार होऊ द्या.
- पुळिकाच्चलमध्ये शेवटी घालायची धणे-मेथीची पूड करताना मेथी करपवणं. पाव चमचाच घ्या, काळी पडली की सगळं कडू.
- सगळा मसाला एकदम ओतणं. थोडा थोडा घाला, चव बघत.

तेल बदलू नका प्लीज, आणि तेही कच्च्या तिळाचं, चायनीजमधलं भाजक्या तिळाचं नव्हे. शेंगदाणे वेगळे तळून शेवटी. कालवल्यावर दोनेक तास झाकून ठेवा, लगेच खाल्लात तर आंबटच लागेल. मिरी, भाजलेल्या तिळाची पूड, अय्यंगारी (तमिळ वैष्णव ब्राह्मणांची) पद्धत वगैरे आत्ता नकोच, आधी हा एकदा जमू दे.