मध्य आफ्रिकेतल्या विरुंगा पर्वतरांगेत गोरिला आणि ज्वालामुखी शिखरांच्या छायाचित्रणासाठी कोणती लेन्स न्यावी?
रवांडाच्या बाजूने जाणार असाल, तर ७०-२०० मिमी, एफ/२.८ (म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी) ही झूम लेन्स सर्वांत उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे. गोरिलांच्या कुटुंबाजवळ एकच तास थांबता येते, फ्लॅशला सक्त मनाई असते आणि बांबूच्या दाट बनात उजेड इतका कमी असतो, की आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता) ३२०० पर्यंत न्यावा लागतो. ६०० मिमीची अवजड लेन्स तिथे निव्वळ ओझे ठरते. गोरिलाचे काळेभोर केस पाहून कॅमेरा चित्र गरजेपेक्षा उजळ करतो आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो, म्हणून एक्स्पोजर (चित्रावर पडणारा प्रकाश) साधारण एक स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, कमी करावे. फोकस मात्र डोळ्यांवरच ठेवावा, कारण त्या तपकिरी डोळ्यांतली आभाळाची चकाकी हाच चेहऱ्याचा प्राण असतो. माणसाची साधी सर्दीही या प्राण्यांच्या जिवावर बेतू शकते, तेव्हा चांगल्या फ्रेमच्या मोहाने अंतर कधीही कमी करू नये. निसर्गदृश्यांसाठी २४-७० मिमी पुरेशी आहे. ४,५०७ मीटर उंचीचे करिसिंबी शिखर बहुधा ढगांत दडलेले असते, त्यामुळे पहाटेच तयार राहावे.