दोरा, सुई आणि तुमचे प्रश्न : फुलांच्या हूपसाठी कोणता दोरा, कोणता टाका?

प्रश्न : ताई, पहिल्यांदाच फुलांचा हूप (गोल फ्रेमवरचं भरतकाम) करतेय, सहा इंची. दोऱ्यांच्या लड्या बघून मोह आवरला नाही आणि पंधरा रंग घेऊन आले. एक फूल भरून बघितलं तर ते एकदम जाडजूड, फुगलेलं दिसतंय. दोरा लडीतून काढला तसाच ओवला होता. चुकतंय कुठे?

दोरा लडीतून काढला तसाच ओवला, तिथेच. आपण नेहमी वापरतो तो कॉटनचा भरतकामाचा दोरा सहा पदरी असतो, म्हणजे तो सुटे पदर काढून वापरायचा म्हणूनच तसा बनवलेला असतो. डीएमसी असो की अँकर, कुठल्याही कंपनीची साधी लडी साधारण 8 मीटरची आणि 6 पदरांची. आता सहा इंची हूपवरची एक पाकळी असून असून केवढी असणार, तीवर सहाही पदर घातले की टाक्यांना बसायला जागाच उरत नाही.

माझं तर म्हणणं असं की रंगांचा विचार नंतर, आधी कुठे किती पदर ते ठरवा. बारीक वेली आणि केसर एक पदर, देठ दोन, भरीव पाकळ्यांना एक किंवा दोन, लेझी डेझीची (सुट्या फासाच्या टाक्यांची) फुलं तीन पदरांनी छान उठून दिसतात, आणि विणलेला गुलाब (सरळ टाक्यांच्या वरून-खालून दोरा विणून केलेला) करणार असाल तर तिथे मात्र सहाच्या सहा घ्या खुशाल. एकाच हूपमध्ये एक पदरी आणि सहा पदरी काम शेजारी शेजारी आलं की फुलं आपोआप पुढे येतात आणि वेली मागे जातात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. सगळीकडे तीनच पदर वापरले तर रंग कितीही सुंदर असोत, काम सपाट दिसतं.

पदर काढताना साधारण 45 सेंटीमीटरचा तुकडा कापा, त्याहून लांब नको, कारण कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन दोरा पिंजतो आणि चमक जाते. मग एका टोकाला एकच पदर चिमटीत धरून सरळ वर ओढा, बाकीचे खाली गोळा होतील, घाबरू नका, पदर निघाला की ते परत सरळ होतात. दोन पदर हवे असले तरी एकेक करूनच काढायचे आणि मग जुळवायचे. हे कंटाळवाणं आहे पण असे सुटे करून जुळवलेले पदर शेजारी शेजारी पसरून बसतात, पीळ राहत नाही, कापड नीट झाकलं जातं.

आणि ते पंधरा रंग... सहा इंचाला सात-आठ पुरतात. एका मुख्य फुलाच्या फिका, मधला, गडद अशा तीन छटा, दुसऱ्या छोट्या फुलाला एक-दोन, पानांना दोन हिरवे, मधल्या केसराला एक. छटा निवडताना अगदी लागोपाठच्या नंबरच्या घेऊ नका, टाके घातल्यावर त्यांच्यातला फरक दिसतच नाही, मधली एक सोडून पुढची घ्या. सगळ्या लड्या कापडावर ठेवून मोबाइलने ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, त्यात सगळे सारखेच करडे दिसले तर एखादा गडद नाहीतर एखादा फिका रंग बदलायला हवा.

प्रश्न : माझ्या सॅटिन टाक्याच्या (शेजारी शेजारी सरळ टाके घालून भरलेल्या) पाकळ्यांच्या कडा नेहमी दातेरी येतात आणि मोठ्या पाकळीत टाके लोंबतात. मोठी पाकळी भरायची कशी?

मोठी पाकळी सॅटिनने भरायचीच नाही! सॅटिनचा टाका सेंटीमीटरभर लांब झाला की तो सैल पडणार, बोटाला, बांगडीला अडकणार. तिथे लाँग अँड शॉर्ट, म्हणजे लांब-आखूड टाक्यांच्या ओळी. सॅटिन लहान पाकळ्यांना, कळ्यांना, बारीक पानांना ठेवा.

कडांसाठी एक उपाय आहे जो बऱ्याच जणी आळसाने टाळतात. आधी पाकळीच्या रेघेवर एका पदराने स्प्लिट टाक्याची (सुई आधीच्या टाक्याचा दोरा चिरत वर येते तो) बारीक बाह्यरेषा घालायची आणि मग सॅटिनचे टाके त्या रेषेच्या बाहेरून, ती झाकत घालायचे. सुई त्या रेषेला टेकून खाली जाते त्यामुळे कड एकसारखी येते आणि किंचित उचललेलीही दिसते. सुरुवात टोकापासून न करता पाकळीच्या मधोमध एक टाका घालून करा, मग एक बाजू, मग दुसरी, म्हणजे दिशा तिरपी होत जात नाही.

लाँग अँड शॉर्टला लोक उगाच घाबरतात. एकच पदर घ्या. पहिली ओळ पाकळीच्या बाहेरच्या कडेवर, एक लांब एक आखूड असे टाके, पण सगळ्यांचं तोंड फुलाच्या मध्याकडे. पेन्सिलने आधीच दिशेच्या चार-पाच रेघा मारून ठेवा. दुसऱ्या ओळीला पुढची छटा घ्यायची आणि सुई आधीच्या टाक्यांच्या शेवटातूनच, दोरा चिरत वर काढायची. इथे एक गंमत आहे, टाके फार मोजून मापून लांब-आखूड केले की छटांच्या मध्ये करवतीसारखी रेघ दिसते, म्हणून थोडे बेशिस्तच घाला. रंग मिसळायला तेच बरं.

प्रश्न : फ्रेंच नॉट (सुईला दोऱ्याचे एक-दोन वेढे देऊन केलेली गाठ) कापडाच्या आरपार निघून जाते आणि बुलियन गुलाबात (बरेच वेढे देऊन केलेल्या लांबट टाक्यांच्या) सुई अडकते. सुई बदलू का?

फ्रेंच नॉटसाठी सुई नाही, जागा बदला. ज्या भोकातून दोरा वर आला त्याच भोकात सुई खाली घालता म्हणून गाठ निसटते, एक-दोन धागे सोडून शेजारी घाला आणि सुई पूर्ण खाली जाईपर्यंत दुसऱ्या हाताने दोरा ताणून धरा. मोठी गाठ हवी तर वेढे वाढवू नका, पदर वाढवा. चार-पाच वेढ्यांची गाठ एका बाजूला कलंडते.

बुलियनला मात्र हो, सुई बदलाच. साध्या भरतकामाच्या सुईचं नेढं तिच्या अंगापेक्षा रुंद असतं, वेढ्यांमधून ते जाताना अडकणारच. मिलिनर नावाची लांब सुई मिळते, तिचं नेढं आणि अंग जवळजवळ एकाच जाडीचं असतं, ती वेढ्यांतून सरसर निघते.

विणलेल्या गुलाबाचंही इथेच सांगून टाकते कारण त्यावर बरीच पत्रं आलीत. मधल्या काड्या, म्हणजे मध्यातून बाहेर जाणारे सरळ टाके, पाचच घाला, किंवा सात, पण विषम. सम घातल्या तर एक वरून एक खालून करत दुसऱ्या फेरीला दोरा पुन्हा त्याच काड्यांवरून जातो आणि वीण होतच नाही. विणताना बोथट सुई घ्या नाहीतर नेढ्याच्या बाजूने सुई सरकवा, आणि दोरा ओढून घट्ट करू नका, जरा सैलसर ठेवला तरच पाकळ्या फुलल्यासारख्या वाटतात. पर्ल कॉटन असेल तर इथे वापरा, तो पिळाचा एकसंध दोरा असतो, त्याचे पदर सुटे करायचे नसतात, आणि त्याचा नंबर उलटा चालतो, म्हणजे 5 जाड, 8 त्याहून बारीक, 12 अजून बारीक.

प्रश्न : चमकदार रेयॉनचा दोरा आवडतो पण तो फार त्रास देतो. फुलांना वापरू का?

थोडासा. दवाचा थेंब, एखादी कळी, पाकळीवरची एक रेघ. अख्खा हूप रेयॉनने करायचा हट्ट असेल तर तुकडे अजून आखूड कापा आणि दोरा किंचित ओलसर करून वापरा, जरा ऐकतो. मला स्वतःला मॅट कॉटनमध्ये मध्येच एखादी चमक आवडते, सगळंच चमकायला लागलं की नजर कुठे ठरत नाही.

प्रश्न : पानं सगळी एकसारखी दिसतात.

कारण सगळ्यांना एकच हिरवा आणि एकच टाका! मोठ्या पानांना फिशबोन (दोन्ही बाजूंनी मध्याकडे येणारे तिरपे टाके) घाला, त्यात मधली शीर आपोआप तयार होते, लहान पानांना लेझी डेझी पुरे, आणि नाजूक फांदीला फ्लाय टाका (इंग्रजी व्ही किंवा वाय अक्षरासारखा) एकाखाली एक. हिरव्यांपैकी एक पिवळसर आणि एक राखाडीकडे झुकणारा निवडा. देठाला स्टेम टाका (पीळ दिलेल्या दोरीसारखा दिसणारा) घालताना दोरा सतत एकाच बाजूला ठेवायचा, मध्येच बाजू बदलली की देठाचा पीळ तुटलेला दिसतो.

क्रम देठ, पानं, फुलं, आणि गाठी सगळ्यात शेवटी. गाठींवर हूपची कड बसली तर त्या चपट्या होतात.

प्रश्न : कापडावर नक्षी काढायचा, नंतर पुसला जाणारा पेन आणि लाल दोऱ्याचा रंग, दोन्हीची भीती वाटते. काम झाल्यावर धुऊ की नको?

पेन पाण्याने जाणारा असेल तर इस्त्रीच्या आधी थंड पाण्याने पूर्ण घालवा, उष्णता लागली की ती रेघ पक्की बसू शकते. इस्त्रीच्या उष्णतेने जाणारा पेन असेल तर गोष्ट उलटी, तो खूप थंडीत परत उमटू शकतो, म्हणून अशी रेघ टाक्यांखाली पूर्ण झाकली जाईल अशीच काढा.

लाल, गडद निळा, काळा यांचा एक तुकडा आधी ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून बघा. आणि तरीही धुताना रंग सुटलाच तर काम वाळू देऊ नका, पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यात खळबळत राहा, वाळलेला डाग काढणं फार अवघड. मग पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आणि जाड टॉवेलवर भरतकाम उलटं ठेवून मागून इस्त्री करा, म्हणजे तुमच्या त्या फ्रेंच नॉट्स चेपणार नाहीत.