विमा मुलाचा, हप्ते बापाचे

पत्र (विश्रामबाग, सांगली): मुलगा 9 वर्षांचा, चौथीत. माझा पगार हातात 58 हजार, पत्नीचा 30 हजार. ती नोकरी सोडून मुलाला घरी शिकवणार. खर्च वर्षाला 40 हजार धरलाय. शाळेची फी आणि बस मिळून 70 हजार वाचतील. ते एसआयपीत टाकले तर 15 टक्क्यांनी दहा वर्षांत 16 लाख होतील ना? घरखर्च 26 हजार, गृहकर्जाचा हप्ता साडेसतरा. मुलाच्या शिक्षणासाठी वर्षाला लाखाची पॉलिसी आहे, तीन हप्ते भरलेत. मेडिक्लेम पत्नीच्या ऑफिसचा. माझा विमा नाही.

उत्तर: 70 वाचणार, 40 लागणार, मग एसआयपी 70 ची कशी? शिवाय 40 हजारांत तुम्ही पुस्तकं आणि क्लास धरलेत. इंटरनेट, प्रिंटरची शाई, पोहणं, प्रयोगाचं साहित्य, कार्यशाळेसाठी पुण्याच्या दोन फेऱ्या राहिल्या. खर्चही 70 च धरा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी 14 पूर्ण झाल्यावरच देता येते, तो खर्च पुढचा.

आता तुमच्या एकट्याच्या पगारातून हप्ता, घरखर्च आणि पॉलिसीचे महिना 8,300 वजा करा. उरले 6 हजार. तेवढेच शिकवण्याला. एसआयपी कशातून? 15 टक्के तर सोडूनच द्या.

पण माझी काळजी वेगळीच आहे. पॉलिसीचा बाँड काढा. पहिल्या पानावर 'विमाधारक' म्हणून बहुतेक मुलाचं नाव असेल, तुम्ही फक्त 'प्रस्तावक', म्हणजे अर्ज करून हप्ते भरणारे. तसं असेल, तर तुमचं बरंवाईट झाल्यावर पत्नीला दमडी मिळणार नाही. हप्तामाफीचा रायडर (पालक गेल्यास पुढचे हप्ते माफ करणारी जोड) नसेल तर पुढचे हप्तेही तिनेच भरायचे. नऊ वर्षांच्या मुलावर कोण जेवतं? ज्याच्यावर उद्या सगळं घर जेवणार, त्याचा विमा शून्य. एजंटने 15 वर्षांनी 22 लाख सांगितले असतील, तर तो परतावा 5 टक्क्यांच्याही खाली. तेवढेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 27 लाख होतात.

राजीनाम्याआधी तुमच्या नावावर एक कोटीचा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा) घ्या, वर्षाला साधारण 15 ते 18 हजार. अर्ज भरतानाच विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घ्या, म्हणजे रक्कम फक्त पत्नी-मुलांची राहते; नंतर तो पर्याय मिळत नाही. मग गृहकर्जवाली बँकही त्या रकमेला हात लावू शकत नाही. ऑफिसचा मेडिक्लेम त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत नेता येईल का, हे पत्नी नोकरीत असतानाच विचारा. नेता आला तर आधीपासूनच्या आजारांचा खर्च मिळण्याआधीची प्रतीक्षा, जी 3 वर्षांपर्यंत असू शकते, पहिल्यापासून मोजावी लागत नाही.

मग सहा महिने पत्नीचा पगार वेगळ्या खात्यात टाका, त्याला हात लावू नका. जमलं तर राजीनामा.

जुन्या पॉलिसीचं सरेंडर मूल्य (आज मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप मूल्य (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मुदतीअंती मिळणारी), दोन्ही आकडे शाखेतून लेखी घ्या. एजंटच्या व्हॉट्सॲपवरचे नकोत. एरवी मी सांगतो, नवा विमा हातात आल्याशिवाय जुना बंद करू नका. पण बाँडवर विमाधारक मुलगाच निघाला आणि हप्तामाफीचा रायडर नसला, तर तुमच्या बाबतीत थांबण्याचं कारण नाही, त्यात तुमचं संरक्षण नव्हतंच. मग चौथा हप्ता भरू नका.