लवणस्तंभ म्हणजे मिठाचे खांब नव्हेत

प्रश्न असा: चुनखडीच्या गुहांतल्या आकारांना 'लवणस्तंभ' म्हणणे योग्य आहे का, आणि त्यांतला ऊर्ध्वमुखी कोणता?

छतापासून लोंबतो तो अधोमुखी, जमिनीवरून वाढतो तो ऊर्ध्वमुखी. पण 'गुहेत मिठाचे खांब तयार होतात' हे वाक्य इतक्यांदा कानी पडते की संताप येतो. खाण्याचे मीठ त्या ठिबकत्या पाण्यात टिकलेच नसते! ते असते कॅल्शियम कार्बोनेट. रसायनशास्त्रात तेही लवणच, म्हणून शब्द चुकीचा नाही. फसवा मात्र आहे.

पाणी आटून हे खांब होतात, हेही खरे नाही. झिरपणारे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवते. गुहेच्या हवेत हा वायू कमी, म्हणून तो थेंबातून निसटतो आणि विरघळलेले कॅल्शियम कार्बोनेट कॅल्साइट या खनिजाच्या रूपात थेंबाच्या कडेने साचते. म्हणून लोंबणारा आकार आधी पोकळ नळीसारखा असतो. वाढ साधारण वर्षाला 0.1 मिलिमीटर.

आता नावांकडे. लोंबणारा तो इंग्रजीत स्टॅलॅक्टाइट, जमिनीवरून वाढणारा तो स्टॅलॅग्माइट; दोन्ही ग्रीकमधल्या 'ठिबकणे' या एकाच क्रियापदाची लेकरे. वर-खाली हा भेद त्या क्रियापदात नाहीच. त्यांना हिंदीत अनुक्रमे 'आश्चुताश्म' आणि 'निश्चुताश्म' म्हणतात; जिभेला जड, पण अर्थाला चोख: श्चुत् म्हणजे ठिबकणे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या जुन्या यादीत, याच धातूच्या 'श्च्युत्' या रूपाचा अर्थ 'क्षरणे', म्हणजे झिरपणे, असा दिला आहे. आणि क्षरणातूनच आपला 'क्षार'! सुश्रुतसंहितेत स्पष्ट म्हटले आहे: 'क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः', म्हणजे क्षरण किंवा क्षणन (नाश) करतो म्हणून क्षार. तिथे रोख शस्त्रकर्माकडे आहे, हे मान्य. काही आधुनिक व्युत्पत्तिकार मात्र 'क्षार' शब्द जळण्याच्या धातूशी जोडतात. मला ते मुळीच पटत नाही. राख पाण्यात कालवून, गाळून, झिरपवून क्षार काढण्याची रीत ज्याने वाचली आहे, त्याला झिरपणे सोडून जळणेच का दिसावे?

म्हणून माझा कौल 'लवण' टाकून 'क्षार' घेण्याला. आणि लोंबणाऱ्या वस्तूला 'स्तंभ' तरी कशाला म्हणायचे? स्तंभ दोन्ही टोकांना टेकलेला हवा. वरची ती क्षारलोंबी, खालचा तो क्षारसुळका, आणि दोघे जुळून एक झाले की क्षारस्तंभ.