प्ले: खेळणे, वाजवणे आणि कानाखाली वाजवणे

'माझी मुलगी व्हायोलिन वाजवते' हे तुम्ही इटालियनमध्ये 'मिया फील्या जोका इल व्योलिनो' असं लिहिलंत आणि शेजारीणबाई हसल्या. हसणारच! त्यांना मुलगी व्हायोलिन 'खेळताना' दिसली. शब्दकोशात 'प्ले'पुढे पहिला शब्द 'जोकारे' सापडला, तोच तुम्ही उचललात.

माझं ऐका, मध्ये इंग्रजी आणूच नका. 'प्ले'ला इटालियनमध्ये काय म्हणतात हे विचारण्याऐवजी आपण मराठीत काय म्हणतो ते आधी बघा. खेळतो तिथे जोकारे, वाजवतो तिथे सुओनारे. म्हणून मुलगी 'सुओना इल व्योलिनो'. ही जोडी कुठवर जुळते बघा: दाराची बेल वाजवायची तरी सुओनारे, फोन वाजला तरी सुओनारे. एवढंच काय, आपण कानाखाली वाजवतो ना, तसं इटालियन माणूसही 'ल्येले आ सुओनाते' म्हणतो, म्हणजे त्याला चांगला चोप दिला! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

मोबाइलवर गाणं 'प्ले' करायचं असेल तर आपण गाणं लावतो. तेही म्हणतात 'मेत्ती उना कान्त्सोने'. मेत्तेरे म्हणजे ठेवणे, घालणे, लावणे.

पण मराठीच्या भरवशावर सगळंच सोडू नका. आपण नाटकात 'काम करतो', तिथे त्यांचं क्रियापद रेचितारे, म्हणजे अभिनय करणे. कविता म्हणून दाखवायलाही हेच चालतं. इंग्रजीत थट्टाही 'प्ले' होते; ती मात्र आपणही 'करतो', तेही 'करतात': 'फारे उनो स्केर्त्सो'.

राहिलं व्याकरण, आणि खरी अडचण तिथेच येते. खेळाच्या नावाआधी 'आ' लागतो: 'जोको आ काल्चो', मी फुटबॉल खेळतो. पत्ते असोत, टेनिस असो, 'आ' हवाच. वाद्याला मात्र तो लावायचा नाही, तिथे नुसतं उपपद: 'सुओनो ला कितार्रा', मी गिटार वाजवतो. मला बरेच दिवस गिटारच्या आधीही 'आ' घालायची खोड होती. आणि 'आ' नाही म्हणजे खेळ नाही, असंही समजू नका. सामना खेळायचा असेल तर सरळ 'जोकारे उना पार्तीता'.