अख्खा माणूस बाजूला ठेव

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि आलेख मिळाले. शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांच्या हालचालींवरून नवशिका व निष्णात ओळखणारे तुझे संगणकीय मॉडेल चाचणीत जवळजवळ अचूक ठरते, पण नव्या निवासी डॉक्टरच्या नोंदी दिल्या की गडबडते. म्हणून आणखी मोठे मॉडेल घ्यावे का, असे तू विचारतेस. मॉडेलला हात लावू नकोस. चाचणीसाठी तू प्रयत्न बाजूला ठेवलेस, माणूस नाही. एकाच व्यक्तीचे चार प्रयत्न प्रशिक्षणात आणि पाचवा चाचणीत गेला, तर मॉडेल कौशल्य शिकले की त्या व्यक्तीची लकब, हे कळणार कसे?

तू वापरलेला जिगसॉज हा शल्यचिकित्सकांच्या हालचालींच्या नोंदींचा संच २०१४ चा. दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबो-यंत्रावर टाके घालणे, गाठ मारणे आणि सुई कड्यांतून नेणे या कामांची ७६ मोजमापे सेकंदाला ३० वेळा नोंदलेली आहेत, त्यामुळे नोंदींच्या ओळी मोजताना श्रीमंत झाल्यासारखे वाटते. माणसे मात्र आठ. त्यांतही यंत्रावर १०० तासांहून अधिक काम केलेले, म्हणजे निष्णात, दोनच. एकाला वगळले की मॉडेलपुरते कौशल्य म्हणजे उरलेला एक माणूस. अख्खी व्यक्ती वगळण्याची विभागणी संचासोबतच दिलेली आहे आणि तू ती उघडूनही पाहिली नाहीस, याचा मला राग आला.

रागावण्याचा अधिकार मला फारसा नाही. आमच्या नोंदींतील एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांना टाका घालण्यापूर्वी सुई चिमट्यात दोनदा फिरवून पाहण्याची सवय होती. आमच्या मॉडेलने तेवढेच उचलले. पुढे एक विद्यार्थिनी घाबरून सुई तशीच चाळवत राहिली आणि मॉडेलचा निकाल दाखवणाऱ्या पडद्याने तिला निष्णात ठरवले. सरावाच्या रबरी पट्टीवर तिचा प्रत्येक टाका कडेला फाटत होता, तरी तिने पडद्यावर विश्वास ठेवला. कारण पडदा आम्ही लावला होता. तेव्हापासून माणूस बाजूला ठेवल्याशिवाय मी एकही निकाल मान्य केलेला नाही. त्यापायी दोन प्रबंध रखडले, सहकाऱ्यांनी मला आडमुठे म्हटले. रखडले ते बरेच झाले, असे मला आजही वाटते. निदान त्या आकड्यांवर कोणाला शिकवले गेले नाही.

तेव्हा माणूस बाजूला ठेवून चाचणी पुन्हा घे. आकडे कोसळतील, तसेच पाठव. सरासरी नको, आठही जणांचे निकाल वेगवेगळे हवेत. आणि नवी निवासी डॉक्टर डावखुरी असल्याचे तू ताजा कलमात सहज लिहिले आहेस. संचातले आठही जण उजव्या हाताचे आहेत.

तुझ्या उत्तराची वाट पाहत आहे.